रुखवतातले मासे

वाफेवर शिजलेला पदार्थ माणसाला कधी फसवत नाही, असं आमच्या मधल्या मामांचं मत आहे. देवाबद्दल त्यांनी एवढी खात्री कधी दिलेली नाही. आयुष्यभर ते बोटीवर कुक होते. एकदा चीनच्या शानतोंग किनाऱ्यावर बोट दुरुस्तीला अडकली, तेव्हा तिथल्या कोळणींनी त्यांना सणाचे वाफवलेले पाव शिकवले. म्हाताऱ्यांच्या वाढदिवसाला पीच फळाच्या आकाराचे, लग्नात माशांची जोडी, डोळ्यांच्या जागी सुकी बोरं. तेव्हापासून शिरोड्याच्या घरातलं मोदकपात्र मामींच्या हाती क्वचितच लागतं. त्यात एखादा पिठाचा वाघ शिजत असतो. पात्र गॅसवर असताना झाकण उचलायचं नाही, अभद्र बोलायचं नाही, हे तिकडचे नियमही त्यांनी सोबत आणले. मी एकदा "गॅस संपत आलाय" म्हणालो, तर म्हणाले, "भायर जा, आणि काय तरी बरा बोलान ये!"

त्यांच्या मुलीच्या लग्नात मामींनी हल्लीच्या रीतीनं रुखवत भाड्यानं आणलं. थर्माकोलचं देऊळ, कापसाचे हंस. ते देऊळ याआधी किती नवऱ्यामुलींना पावलं, हे कुणी विचारत नाही. मामा म्हणाले, त्यात माझे मासे बसतले.

"रुखवतात मासो? लोक हसतले!"

"पिठाचो आसा. काटो लागाचो नाय." मग आवाज उतरला. "चेडवाच्या लग्नात माझ्या हातचा काय तरी व्हया."

मुलीचं बारसं, दहावीचा निकाल, सगळं त्यांनी कुठल्या कुठल्या बंदरांतून फोनवर ऐकलं होतं. मामींनी मोदकपात्र घासून पुढे ठेवलं.

विकतचं यीस्ट वापरणं मामांना कमीपणाचं वाटलं. शेजारचे ख्रिस्ती लोक सान्नांच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या इडल्यांच्या, पिठात घालतात तशी त्यांनी ताजी माडी घातली. मे महिन्यातल्या आमच्या उकाड्यात माडी काय करते, हे त्या कोळणींना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. लग्नाच्या सकाळी पात्राचं झाकण आपणहून वर येऊ लागलं. मामांनी ते हातानं दाबून धरलं. मांडवातून कुणी ओरडलं, "व्याही इले!"

"आता तरी बघा!" मामी कळवळल्या.

"गप रव!"

अखेर त्यांनी गॅस बंद केला, थोडं थांबले आणि झाकण काढलं. खवले बुजले होते, शेपट्या फुगून गेल्या होत्या, आणि दोन्ही मासे एकमेकांत मिसळून डोळे असलेली एक उशी तयार झाली होती. कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट झालं. मामांनी कमरेचा फडका सोडला.

"ऱ्हवांदे. देवळच बरा दिसता."

तेवढ्यात मुंडावळ्या सावरत नवरीच स्वयंपाकघरात आली. तिनं पात्रात पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि ती ऊन ऊन उशी ताटात घेऊन बाहेर गेली. देऊळ बाजूला सारून तिनं ताट मधोमध ठेवलं. विहीणबाईंनी "हे काय?" विचारलं तेव्हा तिनं ठणकावून सांगितलं, "आमच्या बाबांनी केलंय."

संध्याकाळी देऊळ आणि हंस टेम्पोत चढले, पुढच्या लग्नाला गेले. वैभववाडीला सासरी निघालेल्या मोटारीत ताट नवरीच्या मांडीवर होतं. तिनं काच खाली केली.

"बाबा, अर्धो तुमका ठेवतंय."

"नको गो. घरात आणखी आसत."

घरात एकही नव्हता. मोटार माडांआड गेली तरी मामा रस्त्यावरच उभे होते, आणि त्यांना हाक मारायला कुणी पुढे झालं नाही.