ताईला न समजलेलं ऑफसाइड

आदिलाबादेत आमच्या भाऊजींना ओळखत नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे. अपवाद करायचाच तर त्यांच्या घरच्यांचा करावा लागेल, कारण घरी ते फारसे सापडतच नसत. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तरुणपणी आंध्र प्रदेशाच्या संघातून फुटबॉल खेळले, हैदराबादेत लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं, आणि नोकरी मिळाली ती जैनथकडच्या एका शाळेत मास्तरकीची. तिथून बसनं परतले की थेट कापसाच्या मार्केटामागचं मैदान गाठायचे. पोरांवर तेलुगूत ओरडायचे, रेफरीशी उर्दूत भांडायचे आणि चेंडूशी मात्र मराठीत, अगदी लाडीगोडीनं बोलायचे.

सतराचा पाढा न येणाऱ्याला ते चेंडूला पाय लावू देत नसत. बस्तीतला सगळ्यात चपळ गोलकीपर या पाढ्यापायी अख्खा उन्हाळा झाडाखाली बसून होता. आता तो बोथ गावात कारकून आहे आणि भाऊजी दिसले की अजून दचकतो. मैदान आटपलं की विहारात पोरांचा अभ्यास, मग कुणाला दवाखान्यात ने, कुणाला हॉस्टेलात जागा मिळवून दे. स्वतःच्या लेकीचं नाव ठेवलं त्या दिवशीही ते कुणा परक्याच्या पोराला हॉस्टेलात पोचवायला गेले होते. परतले तोवर पाहुणे पांगलेले. दारातूनच विचारतात, "काय नाव ठेवलं मंग?" ताई हसली. तिच्या जागी मी असते तर आतून कडीच लावली असती.

ताईनं जन्मात एक मॅच पाहिली नाही. पण सुट्टीच्या सकाळी भाऊजी चहा पिऊन निघायला लागले की ती हटकून विचारायची, ते ऑफसाइड म्हणजे काय हो? मग स्वयंपाकघरात मैदान मांडलं जाई. पाटा म्हणजे गोल, तांब्या गोलकीपर, वाट्या राखणीला, पेला हल्ला करणारा आणि लिंबू हा चेंडू. लिंबू मागून यायच्या आधीच पेला वाट्यांच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, हाच त्याचा गुन्हा, असं भाऊजी उकिडवे बसून घाईघाईनं सांगत. ताई म्हणे, नाही समजलं. मग ते कुरकुरत, मांडी घालत आणि पहिल्यापासून सुरू करत. तेवढ्यात ताई पुन्हा चहा टाकी. त्यांचा संसार असाच झाला.

शेवटच्या दुखण्यात ताई दवाखान्यात होती. एवढं सोपं तुला कसं समजत नाही, म्हणून मी तिची थट्टा केली. ती म्हणाली, "लगनाच्या वर्षीच समजलं व मले. पण समजलं म्हटलं का ते उठून जात." मी तिच्यासमोर हसले आणि व्हरांड्यात जाऊन रडले.

ताई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाला सारी बस्ती लोटली होती. माणसं गेल्यावर भाऊजी स्वयंपाकघरात एकटेच बसलेले दिसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीनं साऱ्या बस्तीले शिकवलं. तिले येक ऑफसाइड नाही समजावता आलं."

ताईचं बोलणं माझ्या ओठांवर आलं होतं. ते ऐकून त्यांना बरं वाटलं असतं की आणखी लागलं असतं, मला ठरवता येईना. मी पाटा ओढला, वाट्या मांडल्या आणि त्यांच्या हातात लिंबू दिलं. म्हटलं, मला सांगा.

उकिडवे बसून त्यांनी सगळं सांगितलं.

"समजलं?"

"नाही, भाऊजी."

त्यांनी लिंबू उचलून पहिल्या जागी ठेवलं आणि मांडी घातली.