नाक्यावरचा सलाम
माझा भाचा विमान चालवतो. लातूरला समाजाने त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा झाला, मटणाचं जेवण झालं, आणि जेवणाआधी मागच्या खोलीत जे व्हायचं तेही झालं. मग भरदुपारी तोच मला गाडीतून नांदेडच्या विमानतळावर सोडायला निघाला.

चाकूरपर्यंत मी जीव मुठीत धरून बसले होते. हळू चालव म्हटलं तर म्हणाला, "मावशे, मी आभाळात चालवतो. ह्यो तर निस्ता रोड हाय."

पुढे एका नाक्यावर पोलिसाने अडवून त्याला यंत्रात फुंकायला लावलं. यंत्र वाजलं. सुटले एकदाची, असं मला वाटलं. पण पोलिसाचं लक्ष फेट्याकडे गेलं. कशाचा सत्कार, म्हणून त्याने विचारलं, आणि पायलट म्हणताच सलाम ठोकला.

"नाव काढलं साहेब तुम्ही आपल्या भागाचं. जावा सावकाश."

कुठे नोंद नाही, काही नाही.

संध्याकाळी विमानात बसले. पट्टा आवळून घेतला. समोर पायलटच्या खोलीचं दार आतून बंद झालं. आतला माणूसही कुणाचा तरी भाचाच असणार. त्याला कुठल्या नाक्यावर सलाम मिळाला होता, हे मी कुणाला विचारू?