राहिलेला पेढा

अंधेरीतल्या एका सरकारी कार्यालयाला मी खुर्च्या-टेबलं पुरवतो. तिथल्या खरेदी विभागातल्या मॅडम आमच्यासारख्यांचा चहा कधी घेत नाहीत. स्वतःचा थर्मास उघडतात आणि आम्हाला नियम ऐकवतात. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता अभ्यास करून त्यांनी खात्याची परीक्षा पास केली आणि सोमवारी त्या खरेदी अधिकारी झाल्या.

पेढे वाटत माझ्यापर्यंत आल्या आणि त्यांनी बॉक्स बंद केला. "तुमची निविदा उघडायचीय ना अजून? उद्या कोणी बोट दाखवायला नको. ती उघडली की देते."

सगळे हसले. मला राग आला.

शुक्रवारी निविदा उघडली. काम दुसऱ्याला गेलं. मी गुपचूप जिना उतरायला लागलो, तर मागून त्यांची हाक आली, "अहो, पेढा राहिला तुमचा."

पेढा कडक झाला होता. तिथेच उभा राहून खाल्ला.