गौतमनं ठोकलेली भिंत

लातूर नुकताच जिल्हा झाला होता, त्यात दुष्काळ. आमच्या इंजिनिअर प्लाटूनला शहराबाहेर जवानांसाठी बारा फॅमिली क्वार्टर बांधायची होती. मी प्लाटून हवालदार, गाव निलंगा. पहिल्यांदाच पोस्टिंग घराजवळ मिळालं, म्हणून खुशीत होतो.

पद्धत नवी होती. काँक्रीटची भिंत जमिनीवर आडवी ओतायची आणि क्रेननं उचलून उभी करायची. एका सकाळीत चार भिंती. मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

रोज पाचला पीटी, सहाला भिंतींना पाणी. ते काम लान्स नायक गौतमचं. तो भोकरचा, बाप गवंडी. बापाच्या हातोडीनं भिंत ठोकून तो आवाज ऐकायचा. पहिल्या भिंती ओतल्या आणि तिसऱ्या दिवसापासून टँकर एकच येऊ लागला. हुकूम निघाला, पाणी फक्त पिण्यासाठी.

पाचव्या दिवशी मेजर साहेब आले. "क्रेन रिकामी का? आज लिफ्टिंग करा."

गौतमनं भिंत ठोकली. मला म्हणाला, "हवालदार साहेब, बद्द वाजून राहिली. लई कच्ची हाय. पाणीच न्हाई मिळालं तिला."

"मशीन दिवस वाचवायला आणलंय," मेजर साहेब म्हणाले.

मी म्हणालो, "जी साहेब."

दहा चाळीसला मी वायरलेस सेटवर क्रेनवाल्याला सांगितलं, "उचल. ओव्हर." भिंत डोक्यावर गेली आणि हुकाजवळ तडकली. "डाऊन! डाऊन!" मी ओरडलो. खाली दोर धरून एक जवान उभा होता. गौतमनं त्याला ढकललं. भिंत कोसळली. गौतम स्वतः तिच्याखालून निघाला नाही.

चौकशीत हुकावर खापर फुटत होतं. तसल्या जबाबावर मी सही केली नाही. लिहून दिलं: हुक शाबूत होता, भिंत कच्ची होती, उचलायला मी सांगितलं. बढती गेली. जाऊ दे. उरलेल्या भिंतींवर प्लाटूननं अंघोळीचं पाणी घातलं, ओली पोती पांघरवली आणि आम्ही पुरते दिवस थांबलो. तरी विटांपेक्षा लवकर काम झालं. तंत्राला मी नावं ठेवत नाही.

हातोडी परत द्यायला भोकरला गेलो. गौतमच्या वडिलांनी ती घेतली नाही. "तुमीच ठिवा," म्हणाले.

आता रिटायर झालोय. परवा निलंग्यात अशाच आडव्या ओतलेल्या भिंतींच्या घरांच्या कामावर गेलो. इंजिनिअर म्हणाला, "काका, तीन दिवसांत घर!" मी हातोडी काढून भिंत ठोकली. बद्द. तिच्यापुढं खुर्ची टाकली आणि बसलो. म्हणालो, "पाण्याचा टँकर आण. तोवर क्रेन हलणार नाही."

"काका, कुणासाठी बसून राहिलाव?"

"लान्स नायक गौतम, भोकर," मी म्हणालो. "त्याचं ऐकायचं राहिलं होतं."