कानबाईच्या रविवारी बदललेला अल्टरनेटर

कानबाईवर माझी श्रद्धा आहे का, असं सत्त्याण्णव सालाआधी कुणी विचारलं असतं, तर मला सरळ उत्तर देता आलं नसतं. आमच्या खानदेशात श्रावणातल्या एका रविवारी नारळाच्या रूपात कानबाई बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते. लहानपणापासून मला त्यातलं मोजमाप तेवढं आवडायचं. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचे, ते दळून रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला रोट द्यायचा नाही. आमच्या घरात आणखी एक नियम होता. ज्याच्या नावाने गहू मोजले, त्याने त्या दिवशी हजर राहायचं. तो आला नाही, तर पुढच्या वर्षापासून त्याची मूठ मोजायची नाही.

माझी मूठ नऊ वर्षं मोजली गेली नव्हती, आणि त्याला कारण मीच होतो. वडील शेवटचे चौदा महिने जळगावला माझ्याकडे अंथरुणावर होते. धुळ्याचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, त्या काळात सहा वेळा येऊन गेले. वडील गेल्यावर महिन्याभराने मी नानांना पत्र लिहिलं आणि त्यात सहाही भेटींच्या तारखा, आल्याची वेळ आणि निघाल्याची वेळ लिहून पाठवली. एकही आकडा चुकीचा नव्हता. त्याच चौदा महिन्यांत वहिनींची दोन ऑपरेशनं झाली होती, ते मात्र माझ्या यादीत नव्हतं. नानांनी उत्तर दिलं नाही. त्या श्रावणात मी गेलो नाही, आणि पुढच्या वर्षापासून माझी मूठ मोजली नाही, एवढं चुलतभावाकडून कळलं. आई माझ्याकडेच राहायची. ती एसटीने एकटी धुळ्याला जाऊन यायची. पुढे गुडघ्यांनी तेही बंद केलं. मग कानबाईच्या रविवारी ती दिवसभर दारात बसून राहायची.

सत्त्याण्णवच्या श्रावणात नानांचं कार्ड आलं. एकच ओळ होती, आमच्या घरच्या अहिराणीत: 'कानबाईले ये, यंदा तुनी मूठ मोजी ठेवस.' आईने ते माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं. न जाण्याचा प्रश्नच नव्हता. यंदा गेलो नसतो तर पुन्हा कुणी कार्ड टाकलं नसतं, आणि आईचं वय अठ्ठ्याहत्तर होतं.

प्रश्न गाडीचा होता. ज्या कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळायचो, तिथे परदेशी तंत्रज्ञांसाठी आणलेली एक जपानी टर्बो डिझेल गाडी होती. ती जुनी झाल्यावर मी आईच्या गुडघ्यांसाठी घेतली. अकरा वर्षांची गाडी, मीटरवर एक लाख शहाऐंशी हजार. रविवारच्या दहा दिवस आधी डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा मंद पेटू लागला. इंजिन चालू असताना व्होल्टमीटर लावला. तेरा पूर्णांक नऊ व्होल्ट हवेत, तिथे बारा पूर्णांक सहा दाखवत होता. म्हणजे अल्टरनेटर बॅटरीत वीज भरत नव्हता. मिस्त्री म्हणाला, या गाडीचा माल मुंबईहून मागवावा लागेल. दुरुस्त केलेला अल्टरनेटर आणि नवा पट्टा शनिवारी दुपारी पार्सलने आले, तोवर मिस्त्री कानबाईसाठी त्याच्या गावी गेला होता. मी हिशोब मांडला. डिझेल गाडीला धावायला वीज फार लागत नाही. दिवसाचा प्रवास, दिवे बंद, बॅटरी सत्तर अँपिअर-तासांची, अंतर पंच्याण्णव किलोमीटरच्या आत. जुन्या अल्टरनेटरवर धुळे सहज गाठता येत होतं. नवा अल्टरनेटर गोणपाटात गुंडाळून डिकीत ठेवला. आईने ओटीचं सामान मांडीवर घेतलं, पत्नी मागे बसली आणि दहा वीसला आम्ही निघालो.

माझा हिशोब बॅटरीचा होता. अल्टरनेटरच्या बेअरिंगचा मी केलाच नव्हता. पारोळा अर्ध्या किलोमीटरवर आलं असताना अल्टरनेटरमधून किंचाळल्यासारखा आवाज आला, जळक्या रबराचा वास आला आणि पट्टा तुटला. त्याच पट्ट्यावर इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप चालतो. काटा चढू लागला. ब्रेक दाबला तर तो दगडासारखा कडक. समोर बैलगाडी रस्ता ओलांडत होती म्हणून वेग आधीच कमी होता. त्यामुळेच हँडब्रेकवर गाडी कडुनिंबाखाली थांबवता आली. तेव्हा अकरा पंचावन्न झाले होते.

आईला आणि पत्नीला सावलीत बसवून मी गावात गेलो. पारोळ्यात मी सतरा शटर मोजली, सतराही बंद. घराघरांतून पुरणाचा वास येत होता. वेशीजवळ गॅरेज होतं, त्याचा मालक सोवळ्यात बाहेर आला आणि म्हणाला, "भाऊ, उद्या. आज हाताला ग्रीस लावणार नाही." त्याचं चूक नव्हतं. मी परत फिरलो. मी कधी नवस बोललो नव्हतो. त्या उन्हात एकदा मनात आलं, अकरा नारळ बोलावेत. मग स्वतःचीच लाज वाटली. देवीशीही मी आकड्यातच बोलणार होतो. नवस न बोलताच चालत राहिलो.

परतीच्या वाटेवर एक शटर अर्धं वर दिसलं. मघाशी ते पूर्ण बंद होतं की माझं लक्ष नव्हतं, हे मी आजही सांगू शकत नाही. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी भरण्याचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळण्याचं, दुकान होतं. आत पन्नाशीचे एक गृहस्थ तांब्याच्या तारेचं गुंडाळं हातात घेऊन नुसते बसले होते. मी अडचण सांगितली.

"गाडीनं काम मी कधी करेल नही," ते म्हणाले. मग उठून पान्यांची पिशवी घेतली. "पन इहिरनी मोटर ऱ्हावो का गाडीनी, तांबं तं तांबंच."

त्यांनी गाडीत डोकं घातलं आणि बराच वेळ फक्त पाहिलं. टर्बोची हवेची जाड नळी अल्टरनेटरवरून आडवी गेली होती आणि तिला हात लावता येत नव्हता. दीड वाजेपर्यंत आम्ही ती थंड होण्याची वाट पाहिली. मग बॅटरीची वायर सोडली, नळी काढली, बोल्ट काढले आणि जुना अल्टरनेटर खाली घेतला. त्यांनी तो नव्याशेजारी गोणपाटावर मांडला. जुन्याच्या पाठीवर मुठीएवढा एक पंप होता. नव्याला तो नव्हता. मी दोन्हींची लांबी शनिवारीच ताडून पाहायला हवी होती.

"हाऊ पंप ब्रेकना शे," ते म्हणाले. "म्हनीसन तुमना ब्रेक कडक व्हयना. तसाच नवा बसाडता तं गाडी चालती, थांबती नही."

पंप जुन्यावरून काढून नव्यावर बसवायचा ठरला. पण त्यातली रबरी रिंग काढताना तुटली. ते सायकलवरून दुकानात गेले. परत आले ते पाण्याच्या मोटारीतल्या रिंगांचा डबा घेऊन, आणि कॅरिअरला एक लाकडी खुर्ची बांधून. खुर्चीवर धुळीचा थर होता. त्यांनी तो उपरण्याने पुसला आणि आईला म्हणाले, "माय, खाले नका बसू. गुडघा धरतीन."

आई खुर्चीवर बसली. ते एकेक रिंग लावून पाहत होते. आईने विचारलं, "भाऊ, आज कानबाई शे. तू घर का नही?"

"मना घर यंदा कानबाई नही, माय. चैतमा मोठा भाऊ गया." ते रिंगेकडेच पाहत होते. "आख्खी गल्लीमा ढोल वाजस. घर बसाये नही, म्हनीसन दुकानमा यीसन बसनू. तुम्ही बसेल ती खुर्ची त्यानीच शे."

आई उठू लागली. त्यांनी हातानेच तिला बसवलं. सातवी रिंग बसली.

पावणेपाचपर्यंत सगळं जागेवर होतं. नव्या पट्ट्याचा ताण त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला. मी इंजिन चालू केलं आणि मीटर लावला. तेरा पूर्णांक नऊ. ब्रेक मऊ लागला. आई त्यांना म्हणाली, "हाऊ आयुष्यभर मोजत उना." मग माझ्याकडे वळली, "देवीलेबी मोजशी रे तू!" त्या दिवसात पहिल्यांदा ते हसले. मी खिशाकडे हात नेला तर त्यांनी मान हलवली. म्हणाले, "तठे गया म्हनजे मना बदल हात जोडा. यंदा माले जोडाना नही."

पाच वाजता निघालो, सहा वीसला धुळ्यात होतो. नाना ओट्यावर उभे होते. माझ्याकडे न पाहता त्यांनी आईला हात देऊन उतरवलं, मग मला म्हणाले, "कितला वाजता निंघना व्हता?"

"दहा वीसला."

"अजून मोजसच का?"

पाटावर कानबाईची मांडणी झाली होती. सगळ्यांचे रोट भाजून टोपलीत ठेवले होते. शेजारी झाकलेली एक वाटी होती. वहिनींनी सांगितलं की माझे गहू नानांनी वेगळे मोजून वेगळे दळवून घेतले होते आणि पीठ भिजवू दिलं नव्हतं. मी आलोच नाही आणि भाजलेला रोट तसाच उरला तर काय करायचं, हे नानांना सुचत नव्हतं. नाना म्हणाले, "आते भिजाड." वहिनींनी झाकण काढलं. पीठ सव्वा मुठीपेक्षा जास्त होतं. स्टोअर्समध्ये एवढी वर्षं घालवल्यावर ते मला नुसतं पाहून कळतं. मग लक्षात आलं की मी मनात माझी मूठ धरली होती, आणि नानांचा हात माझ्यापेक्षा मोठा आहे.

त्या पत्राबद्दल मी त्यांच्याकडे क्षमा मागितली. त्यांनी "जेव" एवढंच म्हटलं.

पुढच्या श्रावणात, कानबाईच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम पारोळ्यात थांबलो. मोटारी भरणाऱ्या त्या गृहस्थांच्या घरी गहू निवडणं चाललं होतं, वर्षानंतर कानबाई पुन्हा बसणार होती. "तुमले रोट देता येस नही," ते म्हणाले, "चहा ल्या." मी म्हटलं, आमचाही तुम्हाला देता येत नाही. दुकानात येऊन आम्ही चहा घेतला. आता तिथे दोन खुर्च्या होत्या आणि मला त्यांनी भावाच्या खुर्चीवर बसवलं.

जे घडलं त्याला चमत्कार म्हणा, असा माझा कुणाला आग्रह नाही. मला एकच गोष्ट अजून जड जाते. मी वेळेवर पोचलो, कारण एका घरात त्या वर्षी देवी बसली नव्हती. ही कृपा म्हणावी, तर ती दुसऱ्याच्या दुःखातून चालत आली. ती कशी मांडावी हे मला येत नाही, आणि ते येत नाही हे मी आता मान्य केलं आहे. देवीपुढे मी काही मागत नाही, काही बोलतही नाही. सत्त्याण्णवच्या त्या रविवारी आरतीनंतर मी एकदा हात जोडले, थांबलो, आणि पुन्हा जोडले. नानांनी विचारलं, दुसऱ्यांदा कुणासाठी? मी पारोळ्याच्या त्या गृहस्थांचं सांगितलं. तेव्हापासून दर वर्षी मी दोनदा हात जोडतो, आणि आता माझ्या शेजारी उभे असलेले नानाही दोनदा जोडतात.