पाव्हण्याला हिरवं फळ

डिसेंबरातल्या एका सोमवारी सकाळी दुबईतल्या एका फळ-आयातदाराने राहाता तालुक्यातल्या आमच्या पेरू उत्पादक गटाचा नमुना नाकारला. गटाच्या वतीने बैठकीला मी एकटी होते. गोष्ट तीन-चार वर्षांपूर्वीची.

त्याआधी मी नगरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. लग्नानंतर राहात्याजवळच्या गावात आले, नोकरी सुटली आणि गटाचा पत्रव्यवहार माझ्याकडे आला. इंग्रजी येतं, पासपोर्ट आहे आणि बाग घरची आहे, एवढ्यावरून दुबईला मला पाठवायचं ठरलं. गटाच्या चेअरमनकडे पासपोर्ट नव्हता.

“माझा पासपोर्ट निघंस्तवर पेरूचा हंगाम निघून जाईल,” ते म्हणाले. “ताई, तुमीच जा.”

बैठकीवर काय अवलंबून आहे, ते गटाच्या सभेत आधीच स्पष्ट झालं होतं. मागचे दोन हंगाम जवळच्या बाजारात पेरू पडून राहिला होता. दुबईचं जमलं नाही तर फेब्रुवारीत बागा काढायच्या आणि ऊस लावायचा, असं निम्म्याहून अधिक सभासदांनी बोलून दाखवलं होतं. आमच्या घरातही तेच ठरलं होतं.

आमच्या भागात पाहुणा आला की त्याला द्यायचा पेरू वेगळा काढतात. तो पिवळा झालेला असतो, देठाजवळ अंगठ्याने दाबला तर किंचित दबतो, ओसरीवर ठेवला तर वास स्वयंपाकघरात येतो. टणक फळ पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे त्याला लवकर ऊठ म्हणण्यासारखं. दुबईचा व्यापारी सगळ्यांच्या लेखी पाहुणाच होता. नमुन्याची पेटी भरायच्या दिवशी प्रत्येकजण आपल्या बागेतली अशीच फळं निवडून घेऊन आला.

“माझं एक तरी वर ठेवा,” एक सभासद म्हणाले.

“वरलं फळ माझं राहनार. मी चेअरमन हाय.”

“आन त्यांनी पेटी उलटी उघडली तर?”

“तर तुजं वर. व्हय, तेवढं नशीब आसंल तुजं.”

पेटी सरकारी तपासणी होऊन, मालवाहू विमानाने माझ्या आधी दुबईला पोचली होती. आयातदाराच्या गोदामात ती माझ्यासमोर उघडली, तेव्हा खोलीभर वास पसरला. आयातदार केरळचे, पन्नाशीतले, हिंदी चांगलं बोलणारे. त्यांनी एक फळ उचललं. त्यात बोट रुतलं. दुसरं कापलं, चवीला घेतलं आणि रुमालाला हात पुसले.

“गोड आहे. माझ्या घरी असतं तर संध्याकाळपर्यंत संपलं असतं,” ते म्हणाले. “पण मला दुकानाच्या फळीवर ठेवायचं आहे. हे दोन दिवसांत फेकावं लागेल.”

गुरुवारी दुपारी ते इतर देशांचे नमुने पाहून हंगामाचा पुरवठादार ठरवणार होते. तोवर आमचा दुसरा नमुना आला तर तोही टेबलावर ठेवू, असं म्हणाले. दुसरा नमुना कसा असावा, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला वाटलं, प्रश्न वेष्टनाचा आहे.

गोदामाबाहेर येऊन चेअरमनना फोन केला.

“पेरू वाईट हाय म्हनले का?”

“नाही. गोड आहे म्हणाले.”

“गोड हाय आन घेत न्हाईत? ह्ये कसलं गिऱ्हाईक, ताई?”

त्यांच्या मते पेट्या बदलायला हव्यात. मी म्हटलं, उद्या सकाळी सांगते. दुपारनंतर मला काम नव्हतं. शहर मी पाहिलेलं नव्हतं.

मेट्रोचा एक डबा बायकांसाठी राखीव होता, त्यात बसून मी देराला गेले. हा शहराचा जुना व्यापारी भाग. इथे समुद्राचं पाणी खाडी होऊन शहरात शिरलं आहे आणि लाकडी होड्या माणसांना या काठावरून त्या काठावर नेतात. होडीला कठडा नाही. मधल्या फळीवर पाठीला पाठ लावून बसायचं. माझ्या एका बाजूला पठाणी वेशातला म्हातारा होता, दुसऱ्या बाजूला वाढदिवसाचा केक मांडीवर सांभाळणारा तरुण. केक पलीकडे सुखरूप पोचला.

होडीनेच परत देराच्या काठाला आले. तिथल्या गल्लीत मसाल्यांची पोती उघडी होती. वाळवून काळी झालेली लिंबं मी पहिल्यांदा पाहिली. श्रीगोंद्याकडच्या लिंबांएवढीच. दुकानदाराने एक फोडून दाखवलं. ती आमटीत टाकतात, असं तो म्हणाला. आमच्याकडे असं वाळलेलं लिंबू उकिरड्यावर गेलं असतं. त्याच्याकडे ते काचेच्या बरणीत होतं.

परतताना हॉटेलाजवळच्या एका भाजी-फळांच्या दुकानात शिरले. दुकान फिलिपिनो लोकांच्या वस्तीत होतं. पेरूच्या दोन राशी होत्या. एक हिरव्या, मोठ्या फळांची. दुसरी पिवळ्या फळांची, कमी दराची पाटी लावलेली. दवाखान्याच्या गणवेशातली एक बाई हिरव्या राशीतलं एकेक फळ उचलून बोटाच्या पेराने वाजवत होती. एकाला पिवळट झाक होती, ते तिने बाजूला सारलं.

ते का सोडलं, असं मी इंग्रजीत विचारलं.

“ते जुनं आहे,” ती म्हणाली.

“पिकलंय म्हणून गोड असेल.”

“गोड हवं तर मी केळं घेईन. हे खाताना आवाज आला पाहिजे.” तिने पिशवीतून मिठाची पुडी काढून दाखवली. “तुम्ही कुठल्या?”

“पेरूच्या गावच्या.”

“आणि तुम्हाला माहीत नाही?” ती हसली आणि पैसे द्यायला गेली.

एका माणसाने सांगितलं म्हणजे बातमी होत नाही, हे मला डेस्कवर पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. म्हणून मी मंगळवारी सकाळी आणखी तीन दुकानं पाहिली. दोन ठिकाणी हिरवी फळं पुढे आणि पिवळी मागे होती. तिसरं दुकान इजिप्तच्या माणसाचं, रसाचं. त्याला पिकलेलीच फळं हवी होती, पण तो ती मोठ्या दुकानांतून उरलेली, स्वस्तात घेत होता. हेही लिहून ठेवलं. मग खाडीच्या काठावर बाकावर बसून एक हिरवा पेरू मीठ लावून खाल्ला. आवाज आला.

तिथूनच फोन केला.

“काका, हिरवे पेरू पाठवा.”

“म्हंजी पाड लागलेले, पिकाय लागलेले?”

“पाड लागायच्या आधीचे. गर्द हिरवा रंग नुकता फिकट व्हायला लागलेले. दगडासारखे.”

“पाव्हण्याला हिरवं फळ? ताई, तालुका हसंल आपल्याला. तुमाला तिथली हवा लागली काय?”

“इथे तसलेच खातात. मीठ लावून.”

“तसले आपल्यात पोरं चोरून खात्यात.”

“तेच पाहिजेत.”

“मंग मानसं कशाला लावू? पोरांनाच सोडतो बागंत.” मागे कोणीतरी काहीतरी विचारलं. चेअरमन त्याला म्हणाले, “आरं, ताई म्हनत्यात, कच्ची धाडा. न्हाई, डोकं ठिकानावर हाय त्यांचं. निदान आवाजावरनं तरी.”

त्यांनी माणसं लावली. मंगळवारी दुपारनंतर तोड झाली आणि माल टेम्पोने मुंबईला निघाला. या वेळी फळं कोणत्या बागेतली, यावरून भांडण झालं नाही. कच्च्या फळावर आपलं नाव कोणालाच नको होतं. तपासणीची कागदपत्रं नवी मुंबईतल्या एका निर्यातदाराने केली. पेटी बुधवारी रात्री दुबईत उतरली.

गुरुवारी दुपारी गोदामातल्या स्टीलच्या टेबलावर तीन नमुने होते: थायलंडचा, इजिप्तचा आणि आमचा. आमचं फळ सर्वांत लहान होतं. आयातदारांसोबत त्यांच्या खरेदी विभागाच्या प्रमुख बसल्या होत्या, त्या फिलिपिन्सच्या. चाखण्याचं काम त्यांचं होतं. त्यांनी थायलंडचं फळ कापलं, खाल्लं, पाणी प्यायलं. इजिप्तचं कापलं, खाल्लं, पाणी प्यायलं. आमचं कापलं. सुरी अर्ध्यात अडली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने तिच्यावर जोर दिला. फोड तोंडात टाकली. टेबलाच्या या टोकाला मला ती फुटल्याचं ऐकू आलं.

त्यांनी पाणी प्यायलं नाही. दुसरी फोड घेतली.

“याला वास आहे,” त्या म्हणाल्या. “कच्चं असूनही. त्या दोघांना नाही.”

आयातदारांनी एक फोड घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. “सोमवारी हे का आणलं नाहीत?”

“सोमवारी तुम्ही पाहुणे होतात,” मी म्हटलं आणि आमच्याकडची पद्धत सांगितली. ते मोठ्याने हसले. त्यांच्या आईकडे फणसाचं असंच असतं, असं म्हणाले. खरेदी प्रमुखांना त्यांनी ते इंग्रजीत समजावलं. प्रमुखांनी तिसरी फोड घेतली.

निर्णय त्याच खोलीत झाला. जानेवारीपासून हंगाम संपेपर्यंत दर आठवड्याला आमच्या गटाचा माल घ्यायचा. आकार वाढवण्यासाठी झाडावरची काही फळं कोवळी असतानाच काढून विरळणी करावी, ही एकच अट. ती मी बैठकीतच मान्य केली.

गोदामाच्या दारातून चेअरमनना फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

“थायलंड, इजिप्त आणि आपला असे तीन नमुने होते. आपली निवड झाली. जानेवारीपासून दर आठवड्याला माल जाईल. विरळणीची अट आहे.”

“पेपरातल्यासारखं नगा सांगू, ताई. झालं का न्हाई?”

“झालं, काका.”

त्यांनी फोन कानापासून दूर धरून ओरडून सांगितलं असावं, कारण पुढचा काही वेळ मला फक्त माणसांचा गलका ऐकू येत होता. कोणीतरी पत्र्याचा डबा बडवत होतं. गट सकाळपासून पॅकिंगच्या शेडमध्ये बसून होता, हे मला तेव्हा कळलं. मग फोनवर एक वेगळा आवाज आला. तो माझ्या सासऱ्यांचा होता. फोनवर ते सहसा बोलत नाहीत.

“हिरवाच घेतला?”

“हिरवाच.”

“थायलंडचा हुता म्हनं तिथं.”

“होता. त्याच्यापुढे आपला घेतला.”

“लई झ्याक,” ते म्हणाले आणि फोन बंद केला.

शुक्रवारी मी परत आले. विमानतळावर मला न्यायला चेअरमन स्वतः टेम्पोतून आले होते, सोबत आणखी सहा जण. सगळे टेम्पोच्या मागच्या हौद्यात बसून मुंबईपर्यंत आले होते. पुढची जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. नाशिक रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी मागच्या खिडकीतून मला दुकानाची गोष्ट तीनदा सांगायला लावली. फळ बोटाने कसं वाजवायचं, ते दोघांनी टेम्पोच्या पत्र्यावर करून पाहिलं.

पहिला माल जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेला. फेब्रुवारीत गटाची सभा झाली. बागा काढण्याचा विषय कोणी मांडला नाही. त्या वर्षी गटातली एकही बाग निघाली नाही, आणि पावसाळ्यात दोन सभासदांनी नवी लावली.