करंजाखालची गाडी

त्या गृहस्थांचं नाव सांगून त्यांना आणखी एक व्याख्यान मिळवून द्यायची माझी इच्छा नाही. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत ते वर्षावनांची ओळख करून द्यायला आले होते. पडद्यावर स्लाइड चालू असतानाही जंगलाचे थर ते हातांनीच दाखवत. हात डोक्यावर गेला की सर्वांत उंच झाडं, कपाळाशी आला की पानांचं सलग छप्पर, कमरेशी आला की सावलीतली झुडपं. शेवटी वाकून फरशीला बोट टेकवत म्हणाले, "आणि हा पाचोळा. यावरच सगळं जंगल जगतं. याला कचरा म्हणणारा माणूस अडाणी!"

आम्ही टाळ्या वाजवल्या.

चहा पिऊन ते गाडीपाशी गेले. ती आमच्या जुन्या करंजाखाली लावलेली होती, त्यामुळे टपावर पानं पडली होती. मेलेलं झुरळ उचलावं तसं एकेक पान त्यांनी दोन बोटांत धरून फेकलं. "अहो, केवढा हा कचरा! झाड काढून का टाकत नाही?"

आमचे सेक्रेटरी अशाच तज्ज्ञाची वाट बघत होते. आठवडाभरात करंजाचा फक्त बुंधा उरला.

उन्हाळ्यात गृहस्थ व्याख्यानाचा दुसरा भाग घेऊन आले. घाम पुसत मला म्हणाले, "गाडी सावलीत लावायची काही सोय नाही का हो?"

"होती की. आता सावली फक्त तुमच्या स्लाइडमध्ये राहिलीय."

तासाभराने हेच वाक्य त्यांनी माइकवरून, स्वतःचं म्हणून, गहिवरून ऐकवलं. सगळ्यात जोरात टाळ्या सेक्रेटरींनी वाजवल्या.